शेपटीच्या बुडाशी लाल कडी

"मी सही करनार न्हाई, म्हंजी न्हाई!"

शितलनं माफीनाम्याचा कागद टेबलावर असा आपटला की हनुमंतरावांचा चहा बशीत सांडला. बारा उंदीर शेजारच्याच खोलीत आहेत हे कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. निवृत्त तिकीट तपासनीस, पण खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले! दौंडच्या ललिताताईंबरोबर खासगी तपासाला हिंडायची हौस त्यांना आज चांगलीच भोवली होती.

कारेगावच्या या प्रयोगशाळेतली भानगड अशी. उदासीवरचं एक औषध तान्ह्या बाळांना निर्धोक आहे, असं कंपनीला जाहीर करायचं होतं. उंदरांच्या सहा पिलांना जन्मल्यापासून तीन आठवडे औषध पाजलं, सहांना नुसतं साखरपाणी. पुढं तीन महिन्यांनी, उंदरांची देखभाल आणि नोंदी करणाऱ्या शितलनं एकेकाला उंच फळीवर सोडलं. अर्ध्या फळीला भिंती, अर्धी उघडी. साखरपाण्यावाले उघड्यावर बागडले, औषधवाले भिंतीआड थिजले. मोठ्यांना हसवणारं औषध तान्हेपणी पाजलं, तर धास्ती मागं ठेवून गेलं.

सोमवारी संचालक ज्ञानेश सरांनी सगळ्यांसमक्ष चाचणी पुन्हा घेतली, आणि निकाल नेमका उलटा! शितलच्या नोंदी खोट्या ठरल्या. आता सही केली तर नोकरी जाणार, नाही केली तर पोलीस.

"आमच्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली," शितल म्हणाली. "भेदरलेलं जनावर मला वळखंना व्हय?"

शनिवारपर्यंत उंदीर तिच्याच हाती होते; चाचणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती सुट्टीवर होती. इमारतीत तिघंच होते. ललिताताईंनी तिघांना एकच प्रश्न विचारला: उंदरांवर खुणा कशा करतात?

"मला न्हाई ठावं, ताई," पहारेकरी गोकुळ म्हणाला. "मी त्या खोलीत पाय ठेवत न्हाई. उंदीर बघितला की घाम फुटतो."

हनुमंतरावांना तो माणूस एकदम आवडला.

जनावरांचे डॉक्टर नागसेन म्हणाले, "शेपटीला मार्करनं कडी काढतो. औषधवाल्यांना लाल, साखरपाण्यावाल्यांना निळी. जितक्या कड्या, तितका नंबर. आणि काढायची बुडाशी. टोक ते कुरतडतात. शितलनंच शिकवलं मला."

"मेंढीलाबी खूण तोंड न पोचंल तिथंच करत्यात," शितल म्हणाली.

ज्ञानेश सरांनी छापील नियमावली पुढं सरकवली. "टोकापासून कडी. मीच लिहिलंय. इथं सगळे तसंच करतात."

"तुम्ही स्वतः उंदीर हातात शेवटचा कधी घेतला होता?" ललिताताईंनी विचारलं.

"संचालक झाल्यापासून नाही. वेळ कुणाला आहे?"

ललिताताई उठल्या. "चला, उंदरांनाच विचारू."

हनुमंतराव दारातच थांबले.

"शितल, शनिवारची वजनं वाच."

"लाल तीन, तीनशे दहा गिराम. निळा तीन, दोनशे साठ."

नागसेननं लाल तीन काट्यावर ठेवला. दोनशे एकसष्ट. निळा तीन भरला तीनशे अकरा.

"तीन दिवसांत एक पन्नास ग्रॅम वाळला आणि दुसरा तेवढाच सुटला?" हनुमंतराव लांबूनच ओरडले. "अहो, काहीतरीच!"

"वाळलं-सुटलं कुणी नाही. स्पिरिटनं खुणा पुसून, रंग बदलून पुन्हा काढल्यात. म्हणून सोमवारी लाल कडी घेऊन बागडले ते खरे साखरपाण्यावाले. आता कडी बघा."

बाराही शेपट्यांवर कड्या टोकाला होत्या.

"शितल आणि नागसेन बुडाशी काढतात. गोकुळ आत येत नाही. टोकाशी काढेल तो एकच माणूस, ज्यानं नियम लिहिला आणि इथं कोण कसं काम करतं ते कधी पाहिलंच नाही."

ज्ञानेश सरांनी कपाळ पुसलं. मग आवाज मऊ केला. "शितल, इथंच मिटवू. तुला सुपरवायझर करतो. फक्त सोमवारच्या निकालावर सही कर."

"आन् उद्या ह्ये औषध तान्ह्या लेकराच्या तोंडात पडंल, तवा? कुनाकुनाला सुपरवायझर करनार, सर?"

तिनं माफीनामा टराटरा फाडला. मग नोंदवही ओढून स्वतःच्या पहिल्या नोंदींखाली पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.

ललिताताईंनी पोलिसांना फोन लावला.

खरा लाल तीन पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. शितलनं त्याला हळूच उचललं, शेपटीवरच्या निळ्या कड्या पुसल्या आणि बुडाशी तीन लाल काढल्या.

"बस बाबा तसाच," ती म्हणाली. "आता तुला कुनी खोटं पाडनार न्हाई."