चौदावी वाटी

भालकीच्या कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात श्रीदेवी रांगेत उभी होती. पुढचा माणूस मागं वळला, आणि तो बसवप्रभु निघाला. तीन आठवड्यांपूर्वी याच बसवप्रभुनं तिला रीतसर बघितलं होतं, आणि सोयरीक त्याच संध्याकाळी रीतसर मोडली होती. आता तिच्या हातात तिच्या अप्पांच्या शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट होता, त्याच्या हातात त्याच्या काकांचा. प्रेमाची सुरुवात करायला याहून बरे कागद जगात पुष्कळ आहेत. पण ज्याच्या त्याच्या वाट्याला जे येईल ते.

दोघांनी आपापले रिपोर्ट पाठीमागं लपवले.

"तुमचा किती पानी?" त्यानं विचारलं.

"दोन."

"काकांचा पाच." आवाजात घराण्याचा थोडा अभिमान होता.

हसू येऊ नये म्हणून श्रीदेवी भिंतीवरचा लॅमिनेशनचा दर वाचत राहिली. तीनदा वाचला.

झालं होतं ते असं. मुलगी घरी दाखवायची पद्धत आता जुनी झाली, असं श्रीदेवीच्या गौरम्मा आत्यानं जाहीर केलं, आणि बीदर रस्त्यावरच्या नव्या एसी हॉटेलात दोन टेबलं लावली गेली. तिकडची आठ माणसं, इकडची श्रीदेवी सोडून सहा. पण मुलीनं रिकाम्या हातानं यायचं म्हणजे मुलगी आली हे कळणार कसं? वेटर या मंडळींसाठी खास सांगितलेली बासुंदी घेऊन येताना दिसला, तसा आत्यानं त्याच्या हातातला ट्रे काढून श्रीदेवीच्या हातात दिला. वेटर गोंधळून तिच्या मागोमाग चालत राहिला. श्रीदेवीनं चौदा वाट्या वाटल्या. स्वतः घेतली नाही. बघायला आणलेल्या मुलीनं खायचं नसतं, हा नियम एसीतही लागू असतो.

संध्याकाळी तेरा माणसं सरकारी दवाखान्यात आडवी होती.

"पोरीच्या हाताला गुण न्हाई," बसवप्रभुचे मडिवाळप्पा काका सलाइन लावलेल्या हातानं बोलले.

"तुमच्या आतड्यात दम न्हाई," शेजारच्या खाटेवरून श्रीदेवीचे अप्पा म्हणाले. सोयरीक तिथंच, दोन बाटल्यांच्या मध्ये तुटली. नर्सनं दोघांनाही गप्प बसायला सांगितलं.

हॉटेलवर दावा मात्र दोन्ही घरांना करायचा होता, आणि ग्राहक आयोगाची कामं करणाऱ्या वकील तालुक्यात एकच, निलम्मा अक्का. अक्कांनी सांगितलं, तक्रार एकच करा, तेरा जणांची मिळून. आता मोठी माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मग प्रत्येक घरानं आपल्यातलं धडधाकट माणूस पाठवायचं ठरलं. धडधाकट दोघंच उरली होती.

असे गुरुवार सुरू झाले. श्रीदेवी शाळेतले गणिताचे तास उरकून यायची, बसवप्रभु हुलसूरचं खत-बियाण्यांचं दुकान गड्यावर सोपवून. अक्कांच्या ऑफिसातल्या करकरणाऱ्या पंख्याखाली बसून दोघं तेरा माणसांनी त्या दिवशी काय काय खाल्लं ते लिहून काढायची.

"मडिवाळप्पा काका," तो वाचायचा.

"रोट्या चार, भात दोनदा, पापड दुसऱ्याच्या ताटातला."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला खायचं नव्हतं. मग दुसरं काय करणार?"

"माझं काय लिहिलंव?"

"तुमचं कामून लिहू? तुम्ही आजारी न्हाई."

"हाय की..." तो खालच्या आवाजात म्हणाला. "फक्त दवाखान्यात त्याचं रजिस्टर ठेवत न्हाईत."

"मग ओआरएस घ्या," श्रीदेवी म्हणाली, आणि 'तक्रारदार'मधला 'क्र' तिनं दोनदा गिरवला.

डिसेंबर लागला. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला की हुलसूरची बस तासभर यायची नाही. श्रीदेवीचं गावही त्याच वाटेवर होतं. स्टँडवरच्या बाकावर मध्ये एक पिशवी ठेवून दोघं बसायची. पहिल्या गुरुवारी पिशवी मोठी होती. चौथ्या गुरुवारपर्यंत तिथं फक्त एक रुमाल उरला होता... आणि तोही घडी घातलेला.

पाचव्या गुरुवारी हॉटेलचं लेखी उत्तर आलं. अक्कांनी चष्मा पुसून ते वाचून दाखवलं. बासुंदी चांगलीच होती, कारण बसवप्रभु नावाच्या इसमानं तीच खाल्ली आणि त्याला काहीही झालं नाही. वाटप वेटरनं केलेलं नसून सदर तरुणीनं केलं. सबब दोष असलाच तर तो तिच्या हातांचा.

श्रीदेवीनं आपले हात टेबलाखाली घेतले. काकांचं बोलणं आजवर गावात फिरत होतं, त्यामुळं दोन स्थळं नकार न कळवताच गप्प झाली होती. आता तेच शिक्क्यासहित कागदावर आलं होतं. दावा हरला, तर तिच्या हातांवर आयोगाचीच मोहोर बसणार होती.

"मी खाल्लीच न्हाई ती बासुंदी," बसवप्रभु म्हणाला.

"मग वाट्या चौदाच्या चौदा रिकाम्या कशा?" अक्कांनी विचारलं. "वेटरनं मोजल्यात."

तो पंख्याकडे बघायला लागला. अक्का कागद आणायला आत गेल्या, तसा तो उठून बाहेर पडला. श्रीदेवी मागोमाग उठली. जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"वाटी कुणी खाल्ली ते मला ठाऊक हाय."

"मलाबी."

"मग सांगत कामून न्हाई?"

"काकांना शुगर हाय. काकूच्या डोक्यावर हात ठेवून गोड सोडलंय. एक वाटी पाहुण्यांच्या आग्रहानं म्हणून खपली. दुसरी भर कोर्टात सांगितली तर—" तो थांबला. "मला बाप न्हाई, श्रीदेवी. काकांनीच वाढवलंय."

एरवी तो तिला 'मॅडम' म्हणायचा. नाव पहिल्यांदा घेतलं, ते भांडणात. तिच्या ते ध्यानात आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"आणि माझा हात? तो भर कोर्टात चालतो?"

त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. जितका वेळ बघावं त्याहून जरा जास्तच.

"चांगला हाय की हात..."

"ते कोर्टाला सांगा," म्हणत ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. पुढच्या गुरुवारी ती मुद्दाम उशिरा आली. त्याची खुर्ची रिकामी दिसल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या दिवशी बस मात्र वेळेवर आली, मेली.

बीदरला सुनावणीच्या दिवशी दोन्ही घरं दोन बाकांवर तोंडं फिरवून बसली. काकांच्या शेजारी काकू. बसवप्रभु पार मागं, दारापाशी. प्रश्न कन्नडमध्ये यायचा, उत्तर निम्मं मराठीत जायचं, आणि आयोगाला दोन्ही कळायचं. वाट्या वाटणारी म्हणून श्रीदेवीला आधी बोलावलं.

"बसवप्रभु यांनी बासुंदी खाल्ली?" हॉटेलच्या वकिलांनी विचारलं.

"न्हाई. चमचा उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला, हातातच धरून बसले. तोंडापर्यंत गेलाच न्हाई."

"तिथं चौदा माणसं होती. तुम्ही यांच्याच चमच्याकडे कामून बघत होतात?"

अप्पा खाकरले. गौरम्मा आत्यानं पदर तोंडाला लावला. श्रीदेवीचे कान तापले. पण वर्गात सत्तर पोरांसमोर उभं राहायची सवय असल्यामुळं आवाज सरळ निघाला.

"बघायलाच तर गेलो होतो साहेब, आम्ही सगळे. मीबी बघून घेतलं."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला ओठाला लावला आणि बराच वेळ तो खाली आणला नाही.

"मग ती वाटी रिकामी कोणी केली?"

समोर काका होते. पाच दिवस सलाइनवर काढलेला, गाल आत गेलेला म्हातारा माणूस बायकोशेजारी अगदी शहाण्या मुलासारखा बसला होता. शपथ घेतलेली, सांगावं तर लागणारच. तिनं तोंड उघडलं...

"मी सांगतो," दारापाशी बसवप्रभु उभा राहिला होता.

"तुमची पाळी नंतर आहे," अध्यक्ष म्हणाले.

"नंतर धीर राहायचा न्हाई साहेब." त्यानं काकांकडे बघून हात जोडले. "काका, माफ करा. ती वाटी काकांनी खाल्ली. मी दिली. ही ट्रे घेऊन समोर आली आणि माझ्या घशाखाली थुंकीसुद्धा उतरेना, बासुंदी कुठली उतरायला. तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं न्हाई. त्याचा दावा मी हॉटेलवर लावत न्हाई."

काकू सावकाश काकांकडे वळल्या. "दोन वाट्या?"

काका जमिनीकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, "बदाम लई घातले होते."

"साहेब," श्रीदेवी म्हणाली, "एकेक वाटी खाणारे बारा जण दोन दिवस आजारी. दोन वाट्या खाणारे पाच दिवस. न खाणारे शून्य. वाढणारी तीच, हात तेच. मग दोष हाताचा कसा?"

निलम्मा अक्कांना बोलायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. हातांबद्दलचं ते वाक्य खोडून टाका, असं अध्यक्षांनी हॉटेलच्या वकिलांना सांगितलं. वकिलांनी उभ्या-उभ्या ते खोडलं, आणि तडजोडीची बोलणी करायला पुढची तारीख मागितली.

बाहेर काकू दहा पावलं पुढं, काका मागं. श्रीदेवीपाशी आल्यावर काका क्षणभर रेंगाळले. "मोजायला लई पक्की हायस गं तू," म्हणाले, आणि पुढून हाक आल्यावर लगबगीनं निघाले.

बसवप्रभु खांबाला टेकून उभा होता.

"काका आता माझ्याशी महिनाभर बोलत न्हाईत."

"मग?"

"मग लग्नाची बोलणी मलाच करावी लागतील... केली तर चालंल का?"

"अप्पा तिकडं केळीवाल्यापाशी हायत," ती म्हणाली. त्यानं लगेच सदरा नीट केला, पाऊल उचललं. "थांबा. आधी माझी एक अट. एकदा तुम्ही बघून गेलाव. आता मी बघायला येणार, हुलसूरला. चहा तुम्ही करायचा, ट्रे तुम्ही आणायचा. मान खाली."

"मला चहा येत न्हाई, श्रीदेवी."

"रविवारपर्यंत शिका."

त्यानं एकदा केळीवाल्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग अप्पांना तिथंच सोडून तो जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेला. श्रीदेवीला इथून त्याची पाठ तेवढी दिसत होती. पण टपरीवाल्याला तो काय विचारतोय ते सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं —

"मामा, आधी दूध टाकतेत का आधी पाणी?"