गरम डांबरावर रोलर थांबला

ताज्या डांबराची चकाकी आधी कडेने जाते, मग हळूहळू मध्यावर. ती विझायच्या आत रोलर फिरला तर रस्ता घट्ट बसतो. उशीर झाला तर कितीही फेऱ्या मारा, व्यर्थ. रोलरवालीला ती वेळ नुसत्या नजरेने कळायची.

नवा पेव्हरवाला बदलीवर आला, तेव्हा सुरुवातीला तिला त्याची पाठच तेवढी दिसली. तो यंत्राने पुढे डांबर अंथरत जायचा, ती मागून दाबत यायची. आधीचा गडी कधी धूम पळवायचा, कधी मध्येच थांबायचा. मग उंचवटे, खोदकाम, पुन्हा डांबर. हा मात्र मागे वळून रोलरचा अंदाज घ्यायचा आणि त्याच चालीने पुढे सरकायचा. संध्याकाळपर्यंत रेंगाळणारं काम दुपारीच हातावेगळं होऊ लागलं.

"सारखं मागे काय बघता हो?" पाण्याच्या टाकीपाशी तिने विचारलं.

"रोलर लांब तर राहिला नाही ना, ते."

"फक्त रोलर?"

"आता त्यावर कोणी बसलेलं असेल... तर तेही दिसणारच की!"

ती हसू लपवायला पुन्हा पाणी प्यायली. तहान नव्हती.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एक दिवस त्याने सरळ विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?" ती म्हणाली, "बघू." ते 'बघू' लांबतच गेलं. तिची ताई क्रेन चालवायची. लग्नानंतर 'आता कशाला उन्हातान्हात' म्हणत सासरच्यांनी तिला लाडालाडानेच खाली उतरवलं. ताई परत चढली नाही.

त्यात साहेबांचा निरोप आला. दोन नव्या रस्त्यांवर सगळी नवखी माणसं. शिकवायला दोन्हीकडे एकेक जाणता हवा. उद्यापासून तो एकीकडे, ती दुसरीकडे.

"जोडी फोडलीत, साहेब," मुकादम फोनवर कुरकुरला. "चालत्या गाड्याला खीळ!"

शेवटचा पट्टा अंथरून तो खाली उतरला. तिच्या फेऱ्या बाकी होत्या. तो कडेकडेने रोलरसोबत चालू लागला.

"आज तरी सांग. की अजून... बघूच?"

ती समोर बघतच एकदम म्हणाली, "लग्नानंतर मला यावरून उतरवशील?"

"उतरवू?" तो खरोखरच गोंधळला. "अगं, तू उतरलीस तर पुन्हा एका रस्त्यावर आल्यावर माझ्यामागे दाबणार कोण? सगळी मेहनत खड्ड्यात! आणि... रोलरवर बसलेलीच तर आवडलीस ना मला."

तिचा हात नकळत गिअरच्या दांड्यावर पडला. रोलर थांबला.

"अगं बाई!" मुकादम लांबून ओरडला. "गरम डांबरावर थांबलीस? तू?"

चाक रुतून आडवा खळगा उमटला होता. नवख्यांची ज्या चुकीसाठी ती खरडपट्टी काढायची, नेमकी तीच! ती कानापर्यंत लाल झाली. डांबर अजून गरम होतं. तिने रोलर मागे घेतला, तिरप्या दोन फेऱ्या मारल्या, आणि खळगा पुसून गेला.

"माझ्यामुळे झालं का ते?" तो कडेला उभा, गालातल्या गालात हसत.

"मग कोणामुळे?" इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवावा लागला, आणि मुकादमासकट सगळ्यांनी ऐकलं. "करायचं लग्न! रस्ते वेगळे असले तरी करायचं. पण रोलर मी सोडणार नाही!"