गच्चीवरचा भरलेला ग्लास

‘यशोधरा गायकवाड. गुप्त चौकशी. वेळ : शाळा सुटल्यावर.’

लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरच्या हिरव्या दारावर खडूनं लिहिलेल्या या पाटीकडे जानूमामा रोज बघायचा आणि रोज मान हलवायचा. भाची दहावीत गेली, तिनं गणितं सोडवावीत. ही चोऱ्या सोडवत बसली. पण शाळेची हरवलेली घंटा तिनं शोधून काढली, तीही थेट हेडमास्तरांच्या खोलीतून, त्या दिवसापासून मामाची नुसती मान हलायची. तोंड उघडायचं नाही.

मे महिन्यातला रविवार होता. मुंबईत भारत आणि ब्रह्मदेशाचा फुटबॉलचा सामना रंगला होता. मामा रेल्वेच्या संघाचा जुना गोलकीपर. अख्खा पहिला हाफ त्यानं ट्रान्झिस्टर कानाला लावून काढला आणि मध्यंतर संपता संपता चहाचं आधण ठेवायला उठला, तोच दारात हिरी आली. अनवाणी, धापा टाकत.

“यशू, चल. माझ्या आयला चोर ठरवलंय.”

हिरी यशूच्या वर्गातली. टेकडीखालच्या ठाकरवाडीतून हायस्कूलला येणारी ती एकटीच मुलगी. तिची आई सावित्राबाई तीस वर्षं सरनोबतांच्या बंगल्यावर कामाला होती.

“काय गेलं?”

“आईसायबांची पुतळ्यांची माळ. सामना संपला की रावसायब फौजदाराला फोन करणार.”

“संपल्यावर? आत्ता का नाही?”

“ते सामन्यातून उठत न्हाईत. आय म्हंती, घराला आग लागली तरी आधी स्कोर इचारतील.”

यशूनं वही उचलली. “म्हणजे सामना संपेपर्यंतच वेळ आहे. मामा, येतोस?”

मामानं स्टोव्ह बंद केला. “त्यांच्याकडं टीव्ही हाय ना?” एवढंच त्यानं विचारलं.

*

बंगल्याच्या दिवाणखान्यात खिडक्यांचे पडदे उडून छताला लागत होते. बाहेर निलगिरीची झाडं वाऱ्यानं कमरेतून वाकत होती. आत सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. मध्ये वेताच्या खुर्चीत बाजीराव सरनोबत. त्यांच्या हातात लालचुटूक ग्लास : करवंदाचं सरबत, लिंबू, सोडा, बर्फ आणि परमिटवरची जिन. हे कॉकटेल ते स्वतःच्या हातानं बनवायचे. बायकांच्या ग्लासात तेच, फक्त जिन नाही.

“कोण आहे?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

“गुप्त चौकशी,” यशू म्हणाली.

कोचावरून हसू आलं. ते जावई विठ्ठलराव. मलमलचा झब्बा, अंगाला अत्तराचा वास. “हिरीनं शाळेतली मैत्रीण आणलीय वाटतं. आणि हे कोण, तुमचे हवालदार?”

“हे माझे मामा. रेल्वेत पॉइंट्समन आहेत, रूळ बदलतात.”

मामाचं लक्षच नव्हतं. तो दाराशी उभा राहून टीव्हीच्या पडद्याकडे बघत होता. “काय चित्र हाय,” तो पुटपुटला. “काचेसारखं. हलत पन न्हाई.”

“विचारू दे तिला,” पलंगावरून चिमाबाई म्हणाल्या. त्या बाजीरावांच्या आई. “फौजदार तरी वेगळं काय विचारणार आहे?”

“विचारा, पण पडद्यासमोरून जाऊ नका,” बाजीराव म्हणाले.

यशू चिमाबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली. “माळ कुठे होती, आजी?”

“उकाड्यानं मान चिकचिकत होती, म्हणून सामन्याच्या आधी काढली. मधल्या खोलीत पानाच्या डब्यात ठेवली. मध्यंतराला पान करायला गेले तर डब्यात माळ नाही.”

“पहिल्या हाफमध्ये इथून कोण उठलं?”

“कोणी नाही. बाजी, मी आणि त्याची लेक कस्तुरा इथंच होतो. सावित्रा आतबाहेर करत होती. विठ्ठलराव गच्चीवर.”

“गच्चीवर?”

“अँटेना,” विठ्ठलराव म्हणाले. “एरवी तिचं तोंड सिंहगडाकडे असतं, पुण्यासाठी. आज मुंबई लावायची होती. खालचा नट झिजलाय, वारा आला की पाइप गरकन फिरतो. तो धरून उभा होतो.”

“सगळा वेळ?”

“पंचेचाळीस मिनिटं. दोन्ही हातांनी. ‘आलं का’, मी वरून विचारलं. ‘आलं, आता हलू नका’, मामंजी खालून म्हणाले. नाही हललो.”

“अजिबात हललं नाही चित्र,” बाजीरावांनी दाद दिली. “जावई असावा तर असा.”

“उन्हाचा त्रास झाला असेल,” यशू म्हणाली. “आमचे मामा तर मे महिन्यात रुळाला हात लावत नाहीत.”

“हात?” मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “येड लागलंय का. दुपारचं लोखंड उघड्या हातानं धरलं की कातडं सुटतं. आमी गोणपाट गुंडाळतो.”

विठ्ठलरावांनी पान उचलून तोंडात टाकलं. यशू त्यांच्या बोटांकडे बघत होती. मामाला वाटलं, पोरीला पान हवंय की काय.

“मी गच्ची बघून येऊ?” तिनं विचारलं.

“नको,” विठ्ठलराव चटकन म्हणाले. “धक्का लागला तर पिक्चर जाईल.”

“गच्चीवर कुणीही जायचं नाही,” बाजीराव गरजले. “एक-एक बरोबरी आहे.”

विठ्ठलराव सासऱ्यांकडे वाकले. “मी कधीचं म्हणतोय, मामंजी. टेकडीखालची वस्ती आधी उठवा. मुंबईची पार्टी प्लॉटसाठी थांबलीय. आज माळ गेली, उद्या काय जाईल? सावित्रा गाठोडं उघडायला तयार नाही. ते गाठोडं, ती घरी नेते ती गोणी, सगळं झाडून घ्या आणि विषय मिटवा.”

“जागा तुमचीच, असा वडिलांनी शब्द दिला होता त्या लोकांना,” बाजीराव म्हणाले. मग ग्लासातला बर्फ हलवून सावकाश पुढे म्हणाले, “पण चोरीच निघाली, तर शब्दाला काय अर्थ राहतो.”

हिरीनं यशूचं मनगट घट्ट धरलं. मामानं पहिल्यांदा टीव्हीवरून नजर काढली. एका माळेवर ठाकरवाडीतल्या अठराही झोपड्या टांगल्या होत्या, हे आता त्यालाही कळलं.

*

सावित्राबाई स्वयंपाकघरात होती. पाटावर नाही, ओट्याला टेकून ताठ उभी. कमरेला पदर खोचलेला.

“मावशी, गाठोडं का उघडत नाही तुम्ही?”

“का उघडू? तीस वरसं ह्या घरातलं सोनं मी चिंचेनं घासलं. तवा कुनी माझं गाठोडं बगितलं न्हाई. आज माझं बगायचं तर समद्यांच्या ट्रंका बगा. आदी जावईबापूंची.”

“आणि गोणी कसली?”

“बर्फाची. ठेसनावरनं मीच डोक्यावर आनते. बर्फ संपला की भुसा मला देत्यात, कोंबड्यांखाली टाकाया. दर आयतवारी नेते.”

“सगळ्यांना माहीत आहे हे?”

“व्हय. त्यात काय चोरायचं?”

“बर्फ काढल्यावर तुम्ही गोणीचं काय करता?”

सावित्राबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू भात कसा खातात ते कुणी विचारलंय. “भुसा दाबायचा आन् सुतळीनं तोंड आवळायचं. न्हाईतर तासाभरात पानी. सामन्याआदी सरबताच्या जगमदी बर्फ टाकला आन् आवळून ठिवली.”

“गच्चीवर गेला होतात?”

“जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. जावईबापूंचा गिलास ठिवला. वर येऊ नगंस म्हनले, चित्र हालतंय. मध्यंतराला आनाया गेले तर तसाच. वर पानी, खाली लाल. त्येंनी व्हटालासुदिक लावला न्हवता.”

मागच्या पडवीत गोणी होती. तिला लागूनच गच्चीचा दगडी जिना, आणि चार पावलांवर मधल्या खोलीचं मागचं दार. तेवढ्यात बाजीरावांची मुलगी कस्तुराबाई सरबताचा जग घेऊन आली.

“बर्फाचं पाणी झालंय सगळं,” ती वैतागून म्हणाली. “मध्यंतराला आले तर गोणीचं तोंड सताड उघडं. सावित्राबाईंचं आज कशात लक्ष नाही.”

“मी आवळली हुती, ताई.”

“मग सुतळी कुठंय?”

सुतळी नव्हती. जिन्याखाली, मोरीत, कुठेच नव्हती. यशू गोणीजवळ उकिडवी बसली. गोणीला मात्र तिनं बोट लावलं नाही.

“उघडून बघ की,” मामा कुजबुजला.

“नको मामा. आत्ता उघडली तर मावशी बुडाल्या.”

मामानं पुढं केलेला हात मागं घेतला.

*

पंधरा मिनिटं उरली असताना यशू दिवाणखान्यात येऊन उभी राहिली. थेट पडद्यासमोर.

“ए पोरी, बाजूला हो.”

“नाही होणार,” यशू म्हणाली. “तीस वर्षं तुमच्या घरात राबलेल्या माणसाला तुम्ही मध्यंतरात चोर ठरवलंत, काका. मला तुमच्या सामन्यातली पाच मिनिटं द्या.”

बाजीराव अर्धे उठले. चिमाबाई म्हणाल्या, “बस, बाजी.” ते बसले.

“माळ त्या बर्फाच्या गोणीत आहे. तळाला. मी उघडून बघितलेली नाही.”

विठ्ठलराव टाळी वाजवून म्हणाले, “घ्या. त्यांच्याच वकिलानं कबूल केलं.”

“ठेवली मात्र दुसऱ्यानं. आता बघा, बाहेर वारा केवढा आहे. पाइप सैल आहे, वारा आला की गरकन फिरतो, असं विठ्ठलराव म्हणाले. या हाफमध्ये विठ्ठलराव इथे कोचावर आहेत. गच्चीवर कुणी नाही. मग चित्र हलत का नाही?”

पडद्यावर एक खेळाडू स्वच्छ, ठसठशीत धावत होता.

“वारा पडला असेल,” विठ्ठलराव म्हणाले. त्याच वेळी खिडकीच्या उडत्या पडद्यानं फुलदाणी कलंडली.

“पाइप बांधलेला आहे. आणि तो बांधता येतो, तर पंचेचाळीस मिनिटं धरून उभं कशाला राहायचं? तुम्ही राहिलाही नाहीत. हात दाखवा. तापलेला लोखंडी पाइप एवढा वेळ धरला, आणि तळव्यावर साधा लाल पट्टा नाही, गंजाचा डागही नाही. मेमधलं ऊन, हाताशी बर्फाचा ग्लास, तरी एक घोट नाही. हात मोकळे नव्हते म्हणाल. हात मोकळे होते, विठ्ठलराव. तुम्हीच तिथे नव्हता.”

“आणि बांधला कशानं? माझ्या पागोट्यानं?”

“गोणीच्या सुतळीनं. मावशी बर्फाची गोणी उघडी टाकत नाहीत, आणि कस्तुराताईंना ती उघडी सापडली. गोणी जिन्याच्या पायथ्याशी, गच्चीवर जाताना सुतळी खिशात घालायला किती वेळ लागतो? खालून ‘आलं’ ऐकलंत, पाइप बांधलात, उतरलात. मागच्या दारानं मधल्या खोलीत. माळ भुशात. मध्यंतराआधी परत वर.”

“गोष्ट छान आहे. पुरावा?”

“तो तुम्हाला काढता आला नाही. काढला असता तर चित्र गेलं असतं, आणि काकांनी तुम्हाला पुन्हा वर पाठवलं असतं.” यशू वळली. “मामा, वर जा.”

मामा सुटलाच. दगडी जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग वरून त्याचा गोलकीपरचा आवाज आला.

“यशू, सुतळी हाय. तागाची. बर्फाचा भुसा चिकटलाय.”

“सोड.”

क्षणभर काहीच झालं नाही. मग निलगिरीतून वारा आला, पडद्यावरचं मैदान वाकडं झालं, फाटलं, आणि उरला नुसता खरखरणारा पांढरा पाऊस.

सगळं घर त्या पावसाकडे बघत राहिलं. अशा साक्षीदाराची उलटतपासणी कुणी घ्यायची?

कस्तुराबाई नवऱ्याकडे बघत होती. “मध्यंतराला बर्फ आणायला तुम्हीच मला पाठवलंत,” ती हळूच म्हणाली. “तोंड उघडं आहे ते मी बघावं म्हणून.”

“प्लॉटसाठी,” यशू म्हणाली. “माळ विकायची नव्हतीच. ती वाडीवर जाताना सापडायला हवी होती. मग शब्द मोडायला काका मोकळे.”

बाजीराव स्वतः पडवीत गेले. गोणी उलटी केली. ओल्या भुशात सोन्याच्या पुतळ्या लुकलुकल्या. परत आले तेव्हा कोपरापर्यंत भुसा होता आणि चेहरा उतरला होता.

“विठ्ठलराव, संध्याकाळच्या गाडीनं निघा.” मग ते दारात गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या सावित्राबाईकडे वळले. “चूक झाली. आता मनात ठेवू नकोस. जा, सगळ्यांना सरबत आण. तूही घे.”

सावित्राबाई सरबताला गेली नाही. तिनं गाठोडं चिमाबाईंच्या पलंगावर ठेवलं आणि आपल्या हातानं सोडलं. दोन भाकरी, मिरचीचा खर्डा, हिरीची इस्त्रीला आणलेली शाळेची ओढणी.

“बगून घ्या. आता मी माज्या मर्जीनं दावते. सरबत नगं. थोरलं रावसायब आमाला बोलले हुते, वाडीची जागा तुमची. बोललेलं कसं मोडत्यात ते आज बगितलं. मला कागुद पायजे.”

“उद्या तलाठ्याकडे जाऊ.”

“उद्या तलाटी. आज तुमच्या हातचं.”

“सावित्रा, सामना तरी…” बाजीरावांनी खरखरणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. वरून मामा ओरडला, “धरू का पाइप? आलं का?”

यशूनं वहीचं कोरं पान फाडून पुढे केलं.

बाजीरावांनी लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून चिमाबाईंनी सही केली. सावित्राबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद लेकीच्या हातात दिला.

“वाच.”

हिरीनं सुरुवात केली, पण टीव्हीच्या खरखरीत शब्द बुडायला लागले. सावित्राबाई बाजीरावांकडे नुसती बघत उभी राहिली.

बाजीराव उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

“पयल्यापासून,” सावित्राबाई म्हणाली. “मोठ्यानं.”