दाराबाहेरचा देव

रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर खेळ मांडला जातो. फासे, नकाशा आणि प्रत्येकाचं एक सोंग. शेजारचा दंतवैद्य तलवारबाज होतो, वहिनी पुजारीण. खेळ मी चालवतो. म्हणजे राक्षस, हवामान आणि देव माझ्याकडे. देवाच्या तोंडून फक्त मी बोलायचं आणि देवानं फुकट काही द्यायचं नाही, हा आमचा नियम.

वहिनीचा देव मी आळसात बनवला होता. इतर देवांना कुणाला वीज, कुणाला समुद्र. याला हात ना पाय, चेहरासुद्धा नाही. हा दाराबाहेर उभा राहतो आणि मागणाऱ्याकडूनच एकेक गोष्ट घेऊन स्वतःला पुरा करतो.

"देव आहे की भंगारवाला?" दंतवैद्यानं विचारलं होतं.

त्या रविवारी दादा हॉस्पिटलात बेशुद्ध होता. भेटायची वेळ संध्याकाळची, आणि तोवर घर खायला उठतं म्हणून वहिनी खेळायला आली. मी टेबलाकडे पाठ करून चहा गाळत होतो. तिनं फासा टाकला आणि हळूच म्हणाली, "माझा माणूस घरी येऊ दे."

"काय देशील?"

"त्याची पावलं वाजतात ना... ती घे."

मी वळलो. "वहिनी, कुणाशी बोलतेयस?"

"तुझ्याशीच की. तूच विचारलंस."

दंतवैद्यानंही मान डोलावली. आवाज माझाच होता, पण मी तोंड उघडलं नव्हतं. तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. दादानं डोळे उघडले होते.

दादा आता ठणठणीत आहे. पूर्वी चालताना त्याचा डावा पाय जरा घासायचा. जिन्यावरूनच कळायचं, स्वारी आली. आता बूट घालून लाकडी जिना चढला तरी आवाज म्हणून नाही. अचानक पाठीशी उभा दिसतो.

"हॉस्पिटलानं नवरा ठेवून घेतला आणि मांजर पाठवलं," वहिनी हसते. मला हसू येत नाही, भीती वाटते. तो देव मी खेळातून केव्हाच काढून टाकलाय.

परवा मी दादाच्या घरी गेलो होतो, तो माझ्यासमोर बसून संत्रं सोलत होता. जिन्यावर पावलं वाजली. डावं जरा घासत होतं. पावलं दाराशी येऊन थांबली. दादाचे हात थांबले.

"आला वाटतं," म्हणत वहिनी आतल्या खोलीतून सवयीनं बाहेर आली, आमच्याकडे न बघताच दाराशी गेली. तिचा हात कडीवर होता, तेव्हा बाहेरून माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "वहिनी... आता काय हवंय?"