पंधरवड्याची वही

नारळी पौर्णिमेच्या दुपारी सारा आचरा गाव समुद्रावर नारळ सोडायला गेला होता, आणि प्रेमलता आपल्याच स्वयंपाकघरात पडली होती. वरवंट्याने डोकं फुटलेलं. रक्त चुलीच्या राखेत मुरलेलं. शेजारी नवरा रविकांत बसला होता, हात कोपरापर्यंत लाल.

लोकांनी त्याला तिथेच तुडवला. फौजदार दत्तप्रसाद पोचले तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता. माका गावली तीच अशी, एवढंच तो म्हणत राहिला.

त्याच्याभोवती फास आवळला तो आरोग्य उपकेंद्राच्या सुभद्रा सिस्टरच्या वहीने. रविकांत गोव्याच्या ट्रॉलरवर खलाशी. फक्त पावसाळ्यात घरी. तीन वर्षांत प्रेमलता पाच वेळा दुखापत घेऊन आली, आणि पाचही नोंदी जून ते ऑगस्टमधल्या. घरात तिसरा माणूस म्हणजे धाकटा दीर, बाबली. त्याने जबाब दिला, "भाव घराक इलो की मारी. बोटीर गेलो की वैनीच्या आंगार वरखडो नसायचो."

सुभद्रेलाही ते पटलं होतं. पण पोलिसांसाठी वहीची नक्कल उतरवताना तिचा हात एका ओळीवर थांबला. यंदाचीच, सात जून २००३: डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं. रविकांत पाच जूनला घरी आला होता. दोन दिवसांत हाड मोडतं, जुळत नाही.

तिने हिवताप खात्यातल्या शंकरची वही मागवली. कुणी दवाखान्यात येवो न येवो, शंकर दर पंधरवड्याला घरोघर फिरून ताप विचारायचा, बोटाला टोचून रक्त घ्यायचा.

दुसऱ्या सकाळी बाबली जबाबावर सही करायला ठाण्यात आला. सुभद्रा आधीच बसली होती.

"फेब्रुवारीत वैनीच्या हाताक काय झाला होता, रे?"

"काय नाय."

"जेवण कोण वाढी तुका?"

"वैनीच."

"दोनव हातांनी?"

तिने शंकरची नोंद वाचली. अठरा फेब्रुवारी. ताप. डावा हात सुजून फळीला बांधलेला, म्हणून उजव्या हाताचं बोट टोचलं. त्याआधी नोव्हेंबरात, कानातून रक्त.

"मग तुमच्या वहीत सगळं पावसाळ्यातच कसं?" फौजदारांनी विचारलं.

"कारण तिला माझ्याकडे आणणारा नवरा तेव्हाच घरी असायचा, साहेब. माझ्या वहीतली तारीख मार बसल्याची नाही, मार दिसल्याची. शंकरला कुणी बोलवावं लागत नाही. तो बाराही महिने जातो. त्याच्या वहीत सगळा मार रविकांत समुद्रावर असतानाचा आहे, आणि तो घरी असताना नवी जखम एकही नाही. ह्या बाबलीने मात्र तिच्याच हातचं जेवून वरखडासुद्धा नव्हता म्हणून लिहून दिलं."

बाबलीने टेबलावरून झेप घेऊन तिचा गळा आवळला. हवालदाराच्या तीन दंडुक्यांनंतर बोटं सुटली. तोंडातलं रक्त फरशीवर थुंकत तो म्हणाला, "भाव बोटीर जायच्या आधी त्येका सांगतंय, वैनी म्हणाली. मग काय करू?"

संध्याकाळी रविकांतला सोडलं. सुजल्या डोळ्याने तो सुभद्रेकडे बघत राहिला. "माका नाय तर नाय, तुमका तरी सांगूक होया होता तिना."

सुभद्रेने वही मिटली. प्रत्येक वेळी त्याला बाहेर पाठवून तिने हळूच विचारलं होतं, "नवऱ्यान मारल्यान काय गो?" प्रेमलता मान हलवून नाही म्हणायची. सुभद्रेने एकदाही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. आणि दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन विचारलंही नव्हतं.