गार भिंतीची आठवण

कमलबाई सपकाळे यांची तक्रार साधी होती. त्यांच्या घरातली शीतभिंत गार होत नव्हती, आणि कोणीतरी येऊन ती बघावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, 'भारंबे शीतभिंत' या कंपनीच्या कार्यालयात त्या मांडीवर छत्री ठेवून बसल्या होत्या. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. अलीकडे अशा उन्हात दुपारी रस्त्यावर फिरायला महापालिकेचा परवाना लागत असे, आणि कमलबाईंनी तो काढला होता. म्हणजे तक्रार त्यांच्या दृष्टीने गंभीर असली पाहिजे.

दिलीप काकडे कंपनीचे तांत्रिक प्रमुख. त्यांनी पडद्यावर नाव शोधलं, मग पत्ता शोधला. दोन्हीही सापडेनात.

"बाई, तुमच्याकडे आम्ही भिंत बसवलेलीच नाही," ते शेवटी म्हणाले.

"असं कसं हो भाऊ? मागच्या उन्हाळ्यात आमचे हे तिलाच पाठ लावून निजायचे. हात ठेवला की आधी तळहात गार व्हायचा, मग हळूहळू बोटं. शेवटपर्यंत कसे शांत झोपले."

दिलीपनी मान वर केली. तळहात आणि बोटांचं ते वाक्य त्यांनी रोज सकाळी वाचलेलं होतं. ते कंपनीच्या संकेतस्थळावरचं होतं.

न विकलेल्या भिंतीची ही पहिली तक्रार नव्हती. धरणगावचा एक शिक्षक, भुसावळचं एक निवृत्त जोडपं, असे बरेच जण येऊन गेले होते. आधी दिलीपना ती फसवणूक वाटली. पण फसवणारा माणूस काहीतरी मागतो. ही माणसं फक्त दुरुस्ती मागत होती आणि तिचे पैसे द्यायलाही तयार होती.

कमलबाई गेल्यावर त्यांच्या सुनेचा फोन आला. ती ओशाळली होती. घरात कधीच शीतभिंत नव्हती, म्हणाली. सासरे मागच्या उन्हाळ्यात उष्माघातानेच गेले. त्यानंतर शीतभिंत घ्यावी म्हणून सासूबाई ते संकेतस्थळ पुन्हा पुन्हा वाचत बसायच्या.

दिलीप हे सगळं सांगायला वृंदा भारंबेंच्या खोलीत गेले.

शीतभिंत हा वृंदाच्या नवऱ्याचा, श्रीरंगचा, शोध. रात्री हवेतली ओल पिऊन घेणारी आणि दिवसा ती हळूहळू सोडणारी एक सच्छिद्र माती त्याने तयार केली होती. तिला तो तुषारमाती म्हणे. पहिली भिंत नीट चालू लागली त्याच रात्री, कार्यशाळेत, त्याचं हृदय थांबलं. कंपनी पुढे वृंदाने चालवली. संकेतस्थळावरचा मजकूर तेव्हा दिलीपनीच लिहिलेला होता. त्यात आकडे होते, आलेख होते, आणि पहिल्या परिच्छेदापुढे कोणी जात नव्हतं.

म्हणून वृंदाने बाहेरचा मजकूरकार शोधला. विद्याधर लोमटे, राहणार अंबाजोगाई. कोणत्याही कंपनीत नोकरी न करता, घरी बसून इतरांसाठी लिहिणारा माणूस. त्याचा चेहरा कोणी पाहिला नाही, कारण चित्रसंवादाला तो तयार नसे. फोनवर मात्र तासन्‌तास बोले, म्हणजे विचारे. भिंतीला हात लावल्यावर आधी काय गार होतं, तळहात की बोटं? ओल्या मातीचा वास येतो की तापल्यावर विझलेल्या चुलीचा? दिलीप त्याच्यावर वैतागत. भिंत विकायची आहे की तिच्याशी लग्न लावायचंय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. त्यावर लोमटेने माफी मागितली.

मजकूर आला तेव्हा वृंदा तो वाचून खूप वेळ खिडकीशी बसून राहिली. विशेषतः 'आमची गोष्ट' या पानावर. त्यात श्रीरंगची शेवटची संध्याकाळ होती. श्रीरंग भिंतीवर हात ठेवतो. दारात कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन उभं आहे. तो मागे न वळता म्हणतो, "आता लोक निवांत झोपतील."

त्या दारात तांब्या घेऊन वृंदा उभी होती. नवऱ्याचं तिच्याजवळ उरलेलं ते शेवटचं वाक्य. ते पुसलं जाऊ नये म्हणून तिने एक पद्धत पाडली. कारखान्यातल्या प्रत्येकाने सकाळी हजेरीसाठी फोन उघडला की आधी ते पान यावं, आणि ते वाचून संपल्यावरच हजेरी लागावी. ती स्वतःही हाच नियम पाळत असे.

"वहिनी," दिलीप म्हणाले, "हे आपल्या दोघांच्या आवाक्यातलं नाही. तडवी डॉक्टरांना बोलावू या."

डॉ. शहनाज तडवी स्मृतिशास्त्रज्ञ होत्या. विद्यापीठातली प्रयोगशाळा सोडून त्या सहसा बाहेर पडत नसत, पण तक्रारींचं ऐकून दुसऱ्याच दिवशी आल्या. संकेतस्थळ त्यांनी स्वतः वाचायचं टाळलं. मजकूर त्यांनी कागदावर छापून मागितला, आणि पडद्यावर तो कसा उमटतो ते दिलीपना विचारलं.

दिलीपनी नजरलय समजावून सांगितली. ही सोय त्यांनीच बसवली होती. वाचणाऱ्याचे डोळे कुठे थबकतात ते फोनचा कॅमेरा पाहतो, आणि पुढची ओळ तेवढी थांबूनच येते. वाचणाऱ्याला सोपं जावं, एवढाच हेतू होता.

"दिलीपभाऊ, तुम्ही मोठीच गोष्ट करून ठेवलीय," डॉ. तडवी म्हणाल्या. "आठवण कुठल्या कपाटात ठेवलेली नसते. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने रचतो. मग रचलेलं आपलं की ऐकलेलं, हे त्याला कशावरून कळतं?"

"कशावरून?"

"बऱ्याच गोष्टींवरून. त्यातली एक म्हणजे अडखळणं. दुसऱ्याचे शब्द आपल्यासाठी थांबत नाहीत. आपल्या मनात चित्र पुरतं उमटायच्या आत पुढचं वाक्य येतं, किंवा उमटून गेल्यावर येतं. तो जो खटका बसतो, त्यावरून मेंदू ओळखतो की हे बाहेरचं. तुमच्या नजरलयीने तो खटकाच काढून टाकला. चित्र पुरं झालं की बरोबर पुढची ओळ. आणि लिहिणारा असा, की दावा एकही नाही, फक्त स्पर्श आणि वास. मेंदूला वाटतं, हे मीच आठवतोय."

वृंदाने विचारलं, मग खरी आठवण आणि ही पेरलेली, यांतला फरक कसा ओळखायचा.

 डॉक्टर म्हणाल्या की एकट्या माणसाला तो ओळखता येत नाही, पण दोघांना येतो. एकच प्रसंग पाहिलेली दोन माणसं तो कधीच सारखा सांगत नाहीत. एकाला उजेड आठवतो, दुसऱ्याला आवाज. जिथे दोघांचं शब्दाला शब्द जुळतं, तिथे शंका घ्यावी.

मग त्यांनी एक विनंती केली, आणि वृंदाला नाही म्हणता आलं नाही. वृंदा आणि दिलीप यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून श्रीरंगची शेवटची संध्याकाळ सांगायची होती. डॉक्टरांनी दोन्ही आवाज टिपले आणि नंतर तिघांसमोर एकदमच लावले.

दोन आवाज एकात एक मिसळून चालले होते. श्रीरंग भिंतीकडे तोंड करून उभा. त्याचा हात भिंतीवर. विझलेल्या चुलीचा वास. "मी दारात होते, हातात तांब्या होता," वृंदाचा आवाज म्हणाला. त्याच क्षणी दिलीपचा आवाज म्हणाला, "मी दारात होतो, हातात तांब्या होता."



"दिलीपभाऊ," वृंदा म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी भुसावळला होता. रेल्वे दवाखान्याचं माप घ्यायला. मीच तुम्हाला फोन करून बोलावून घेतलं होतं."

दिलीपनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "माहीत आहे वहिनी. पण तांब्याचा गारवा आठवतो मला. इथे, बोटांना."

डॉ. तडवींनी छापील कागद पुढे सरकवला. 'दारात कोणीतरी' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं. लिहिणाऱ्याने चित्रात एक जागा रिकामी सोडली होती आणि वाचणारा प्रत्येक जण तिथे जाऊन उभा राहत होता. कमलबाईंनी त्या जागी आपल्या नवऱ्याला निजवलं, इतकाच फरक.

"पण मी खरंच होते ना तिथे," वृंदा म्हणाली. तिने ते प्रश्नासारखं म्हटलं नव्हतं. पण ऐकू तसंच आलं.

पेरलेली आठवण खरीच्या शेजारी बसत नाही, डॉक्टर म्हणाल्या. ती खरीच्या जागीच बसते. खालची पुन्हा मिळत नाही. मजकूर आज काढला तर वरचीही हळूहळू पुसट होईल, कोणत्याही आठवणीसारखी.

वृंदाने एकच गोष्ट विचारली. मजकूर लिहिण्याआधी तिने ती संध्याकाळ ज्याला सांगितली होती, त्याला तरी खरी माहीत असेल का? डॉक्टरांनी फोन तिच्याकडे सरकवला.

लोमटेने दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. आवाज थकलेला होता. मजकुरात काही चुकलं का, असं त्याने आधी विचारलं. आपण तो धाडायला फार उशीर केला हे त्याला मान्य होतं. पण मनाचं समाधानच होत नव्हतं, म्हणाला. नजरलयीवर लावून तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला होता, दिवसचे दिवस. हे ऐकताना डॉ. तडवींनी डोळे मिटून घेतले.

वृंदाने त्याच्याकडे जुनं ध्वनिमुद्रण मागितलं. ते नव्हतं. काम संपलं की लोकांची बोलणी तो पुसून टाकत असे, तसा त्याचा शब्द असे.

"मग आठवून सांगा लोमटे. श्रीरंगच्या शेवटच्या संध्याकाळचं मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुम्ही कशाला सांगायला हवं बाई?" तो संकोचून म्हणाला. "मी होतो ना तिथे. दारात. पाण्याचा तांब्या माझ्याच हातात होता. ते मागे न वळता म्हणाले—"

"तुम्ही जळगावला कधी आलात?"

 पलीकडे कुठेतरी पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"नाही आलो," तो म्हणाला. "अंबाजोगाई सोडून मी कुठेच गेलो नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "बाई, तुमच्या फोनचं मला एवढंच आठवतं. तुम्ही खूप रडत होतात. आणि मी म्हणालो होतो, हे असं नको लिहायला. दारात कोणीतरी असायला हवं."

वृंदाने फोन हळूच खाली ठेवला. म्हणजे दारात कोणी नव्हतं. ती नव्हती, दिलीप नव्हते, कोणीच नव्हतं. आणि दारात कोणी नव्हतं, तर ते वाक्य ऐकणारंही कोणी नव्हतं.

तिने ती संध्याकाळ आठवून पाहिली. दार होतं. तांब्या होता. तो हातात जड लागत होता.

संकेतस्थळ त्याच दुपारी बंद झालं. हजेरी पुन्हा रजिस्टरवर सुरू झाली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वृंदा गाडी काढून पिंप्राळ्याला कमलबाईंच्या घरी गेली. जे घडलं ते त्यांना नीट समजावून सांगायचं आणि हवी असेल तर खरी भिंत बसवून द्यायची, असं तिने ठरवलं होतं.

सून चहा ठेवायला आत गेली. कमलबाईंनी वृंदाचा हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक पलंग होता आणि त्यामागे पांढरा चुना दिलेली विटांची साधी भिंत. वृंदाने समजावण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात कमलबाईंनी तिचा तळहात भिंतीवर टेकवला.

भिंत दिवसभराच्या उन्हाने भाजत होती.

"बघा ना ताई," त्या म्हणाल्या. "बंद पडलीय ना?"

वृंदाने हात काढला नाही. पलंगावर कोणीतरी पाठमोरं, शांत निजलेलं तिला आठवत होतं.

"हो," ती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात किती गार असायची."