दुपारचं ओझं

रुक्साना तांबोळीने गाडीतल्या पलंगाखालची फळी उचलली आणि आतल्या बॅटरीच्या चार राखाडी पेट्यांवर टॉर्च मारला.

"दोन गेल्यात, दोन ठीक आहेत," ती म्हणाली. "पण माझं ऐकाल तर चारही काढा, डॉक्टर."

"ठीक असलेल्या कशाला काढायच्या?"

"त्या तुमच्या बाबांच्या सवयीच्या आहेत. आईंच्या नाहीत."

हडपसरच्या त्या कार्यशाळेत घरगाड्यांची, म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांची, वीजजोडणी होत असे. डॉक्टर केतकीचे बाबा अरविंद टिपणीस निवृत्तीनंतर दर हिवाळा या गाडीत काढत. सोलापूरच्या उत्तरेला एका माळावर ते माळढोक पक्षी पाहत बसत. मागच्या हिवाळ्यात तिथेच त्यांना झटका आला आणि सोलापूरला पोचेपर्यंत ते गेले. तेव्हापासून गाडी बंद शेडमध्ये होती. आता केतकीच्या आईला, सुमतीबाईंना, तो माळ एकदा बघायचा होता. त्यांची फुप्फुसं इतकी थकली होती की उन्हाळ्यानंतर प्रवास जमणार नव्हता. माळावर वीज नाही. त्यांचं प्राणवायू यंत्र या पेट्यांवरच चालणार होतं. ते बंद पडलं तर काय होईल, हे केतकीला कोणी सांगायची गरज नव्हती. ती भूलतज्ज्ञ होती. दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवणं हेच तिचं काम.

"मला नीट समजावून सांगा," ती म्हणाली.

रुक्साना पालथ्या बादलीवर बसली. "हे सवयघट. आतले थर तुमच्या वापराप्रमाणे स्वतःला रचून घेतात. तुम्ही रोज सहाला किटली लावत असाल, तर थोडं आधीच आतले विद्युतभार वर येऊन तयार उभे राहतात. म्हणून एवढीशी पेटी एवढं काम करते. ज्या वेळी तुम्ही काही लावत नाही, त्या वेळी ते खोल जाऊन विसावतात. तेव्हा अचानक मोठं ओझं टाकलं की विद्युतदाब कोसळतो. संरक्षक कळ सगळंच बंद करते आणि तासभर उघडत नाही."

"मग नवे घेऊ."

"नवे कोरे असतात. गाडी महिनाभर दारात उभी करून, रोज वापरून शिकवावे लागतात. आहे तेवढा वेळ?"

"नाही."

"तर मग दोन जुने, दोन नवे. शेजारी जोडले की जुने नव्यांना दोन-तीन दिवसांत शिकवतात. पण शिकवणार तुमच्या बाबांचंच."

"जुन्यांना काय येतं, ते वाचता येत नाही?"

"चिपमध्ये असतं तर वाचलं असतं. इथे काही लिहिलेलं नाही, घडलेलं आहे. पायाच्या आकाराला आलेली चप्पल असते ना, तसं. पाय घातल्याशिवाय कळत नाही."

"वर्षभर गाडी बंद होती. विसरले नसतील?"

"रोजचं ओझं आलं नाही की विसरतात. पण त्यांना वेळ कळते ती छतावरच्या सौरपट्ट्यांवरून. शेडमध्ये ऊनच नव्हतं. त्यांच्या हिशेबी तुमचे बाबा कालच..." रुक्साना थांबली. "सॉरी. म्हणजे, त्यांच्यासाठी मध्ये दिवस गेलेलेच नाहीत."

केतकीने फळीवरची धूळ बोटाने पुसली. "सांगा, मी काय करू?"

"दिनक्रम सांगा त्यांचा. आम्ही घरच्यांना विचारूनच जोडणी करतो."

केतकीला आठवावं लागलं नाही. "सहाला चहा. मग रेडिओ, आंघोळीचं पाणी. अकराला पंप. जेवले की दुर्बीण घेऊन बाहेर, ते उन्हं उतरेपर्यंत. दुपारी बाबा गाडीत नसायचेच. सातला मला फोन, मग इंडक्शनवर खिचडी."

"नक्की?"

"माझे बाबा आहेत ते."

"असं सगळेच म्हणतात." रुक्सानाने चारही पेट्यांसाठी वायरी मापून सारख्या लांबीच्या कापल्या. "धन तार पहिल्या पेटीवरून, ऋण शेवटच्या. मग चौघी सारख्या राबतात. दोन्ही तारा एकाच टोकाला काढल्या की त्या टोकाची एकटीच राबून मरते, थोरल्या सुनेसारखी."

"तुम्ही थोरल्या?"

"धाकटी. म्हणून तर माप माहीत आहे." तिने शेवटचा नट आवळला. "दुपार म्हणजे यांची झोप. आईंचं यंत्र सकाळी आणि संध्याकाळी लावा. दुपारी हातसुद्धा लावू नका."

माळावर पहिले काही दिवस तसेच गेले. सकाळी यंत्र लागे, मग दोघी बाहेर छत्रीखाली बसत. केतकीचं अर्धं लक्ष आईच्या ओठांच्या रंगाकडे असे.

एका दुपारी लांब गवतात काहीतरी उंच, करड्या-पांढऱ्या मानेचं हललं.

"अगं, तोच!" म्हणत सुमतीबाई उठल्या आणि केतकी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत बऱ्याच पुढे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. ओठ निळसर झाले होते.

"बोलू नकोस. आडवी हो."

बोटाला लावलेल्या मापकावरचा प्राणवायूचा आकडा उतरत होता. जवळ छोटा सिलिंडर होता, पण तो पाऊण तासाचा. रुग्णालय दीड तासावर. यंत्र लावावं आणि संरक्षक कळ पडली, तर तासभर काहीच चालणार नव्हतं. केतकीने सिलिंडरची नळी आईच्या नाकाला लावली आणि उशाजवळच्या, घट किती तयार आहेत ते दाखवणाऱ्या सज्जतेच्या काट्याकडे पाहिलं. या वेळी तो तळाला असायला हवा होता.

तो वर होता. नुसता वर नव्हता, थरथरत होता. किंचित चढायचा, उतरायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा.

तिने फोन लावला. "रुक्साना, काटा वर आहे. बिघडलाय का? मी काहीच लावलेलं नाही."

"वर? आत्ता? लावा यंत्र. आधी लावा, मग बोलू."

केतकीने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, आतली झडप फुस्स करून पलटली, काही सेकंदांनी पुन्हा पलटली. काट्याची थरथर थांबली. तो एका जागी स्थिर झाला, आणि दाब तसूभरही पडला नाही.

आकडा हळूहळू वर येऊ लागला. तिने सिलिंडर बंद केला.

"चाललंय," ती म्हणाली.

"चालणारच. घट ज्यासाठी आधीच तयार होतात, ते त्यांनी महिनोन् महिने सोसलेलं असतं." रुक्साना आता सावकाश बोलत होती. "काटा कसा थरथरत होता?"

केतकी उत्तर देणार तेवढ्यात झडप पलटली. फुस्स. मग पुन्हा. फोनमधून रुक्सानालाही ते ऐकू आलं असावं.

"याच लयीत?"

"याच."

"डॉक्टर, दुपारी ते गाडीतच होते. अशाच यंत्रावर."

केतकीने फोन खाली ठेवला. अशी यंत्रं भाड्याने मिळतात, माणूस गेला की कंपनी घेऊन जाते. तिच्या रुग्णालयात हे रोजचं होतं. सातचा फोन तिला आठवला. बाबांचा आवाज नेहमी भरलेला, दमदार असायचा. आणि तो नेहमी सातलाच यायचा. यंत्रावरून उठल्यानंतर.

"दुपारी फोन करू नका म्हणायचे," उशीवरून आई म्हणाली. तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले होते. "पक्षी बुजतात म्हणे. फोन यांच्या खिशात, आणि बुजतात पक्षी!"

"हो."

"आपणही ऐकत बसलो."

"हो, आई."

तासाभराने सुमतीबाईंनी स्वतःच नळी काढली आणि काठी घेऊन दारातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. केतकीने यंत्र बंद केलं. काटा खाली गेला नाही. तो पुन्हा थरथरू लागला, चढत, उतरत, वाट पाहत. आईला यंत्र जेवढा वेळ लागलं, त्याहून बाबांना जास्त वेळ लागत होतं.

रोजचं ओझं आलं नाही की विसरतात, रुक्साना म्हणाली होती.

केतकीने यंत्र पुन्हा लावलं. नळी रिकाम्या उशीवर सूं सूं करत राहिली. ती शेजारी बसून काट्याकडे पाहत होती. बाहेर उन्हं उतरली, तेव्हा तो आपणहून, सावकाश खाली आला.

दिनक्रमातली तेवढी वेळ तिने बरोबर सांगितली होती.